मोटारीचा जीर्णोद्धार

मनुष्याजवळ गरजेपुरता पैसा असतो तेव्हा तो नवी मोटार घेतो. गरजेहून थोडा अधिक असतो तेव्हा शेजाऱ्याच्या मोटारीहून वीतभर लांब मोटार घेतो. परंतु आपल्याजवळ पैसा नेमका किती आहे हे सांगण्यासाठी ज्याला पदरी दोन-तीन हिशेबनीस बाळगावे लागतात असा तालेवार गृहस्थ मात्र, जिच्या तळाला गंज चढला आहे, जिच्या वीजतारांनी केव्हाच असहकार पुकारला आहे आणि जी जन्मास आली तेव्हा तो स्वतः विजारीच्या खिशात गोट्या खुळखुळवीत हिंडत होता, अशी एखादी साठ वर्षांची, दोन माणसांपुरती मोटार धुंडून काढतो, ती एखाद्या नामांकित कारागिराच्या हवाली करतो, आणि दोन-तीन वर्षांनी, एका उत्तम नव्या मोटारीच्या कित्येक पट रक्कम मोजून, ती अगदी जुनीच दिसते याबद्दल त्या कारागिराचे सद्गदित अंतःकरणाने आभार मानतो.

हा व्यवहार शहाणपणाचा की वेडाचा, असा वाद माझे एक स्नेही माझ्याशी नेहमी घालतात. त्यांनी उभा जन्म आयकर खात्यात घालविला असल्यामुळे सृष्टीतील यच्चयावत् पदार्थांकडे ते घसाऱ्याच्या दृष्टीने पाहतात. मोटार कारखान्याच्या फाटकाबाहेर पडली की तिची किंमत उतरू लागते, हा त्यांच्या मते गुरुत्वाकर्षणाइतकाच अबाधित नियम आहे. आणि साठ वर्षे घसारा आकारून जिची बाकी केव्हाच शून्यावर आली त्या मोटारीवर जो मनुष्य अडीच-तीन कोटी रुपये खर्च करतो, त्याची तपासणी वैद्याकडून करवावी की आपल्या जुन्या खात्याकडून, एवढाच निर्णय ते राखून ठेवतात. मी त्यांचा मान राखून असे म्हणतो की, या गृहस्थांची नोंद भलत्याच सदरात झालेली आहे. दुसऱ्याने दिलेले आणि न पाळलेले एक वचन स्वतःच्या खर्चाने पुरे करून घेणारे हे लोक आहेत; आणि वचन एकदा पुरे झाल्यावर त्याचे करावयाचे काय हे त्यांना उमगत नाही, ही त्यांची खरी अडचण आहे.

ते वचन कोणते, हे कळण्यासाठी १९६१ सालच्या मार्च महिन्यात जिनिव्हास जावे लागेल. जॅग्वार कंपनीने आपली ई-टाइप मोटार तेथे जगापुढे ठेवली त्या वेळची हकीगत या पंथाच्या पुराणात मानाच्या अध्यायाला पोहोचलेली आहे. करड्या रंगाची बंद मोटार कंपनीचे प्रसिद्धी अधिकारी बॉब बेरी यांनी कॉव्हेंट्रीहून रात्रभर भरधाव हाकीत आणली, आणि मुहूर्ताला अवघी वीस मिनिटे उरली असताना ती दाराशी आली. पुढे तिच्यात बसून एक फेरी मारावयास मिळावी म्हणून अशी झुंबड उडाली की, कंपनीचे प्रमुख सर विल्यम लायन्स यांनी कारखान्यात फर्मान धाडले, हातातले काम टाका आणि दुसरी, उघड्या टपाची, मोटार ताबडतोब रवाना करा. आणि चाचणीचे चालक नॉर्मन डुइस तीही रातोरात घेऊन हजर झाले. मोटारीचा आकार माल्कम सेयर नावाच्या, विमानांच्या कारखान्यातून आलेल्या गृहस्थाने कुंचल्याने न काढता गणिताच्या कोष्टकांनी ठरविलेला होता. आणि गणिताचा एखादा पेपर पाहून मनुष्याचे डोळे आनंदाने पाणावल्याचे इतिहासात जे थोडे प्रसंग असतील, त्यांत याची गणना करावी लागेल.

शिवाय किंमत सुमारे २,१०० पौंड. त्या काळच्या ॲस्टन मार्टिनच्या जवळजवळ निम्म्या पैशांत ताशी दीडशे मैलांचा वेग मिळणार, असे जाहीर झाले. आणि ‘ऑटोकार’ साप्ताहिकाने त्याच करड्या मोटारीची परीक्षा घेऊन १५०.४ हा आकडा छापला, तेव्हा शंकेला जागा उरली नाही. शंकेला जागा ठेवावयास हवी होती. परीक्षेस बसविलेली मोटार ही कारखान्याने विशेष निगुतीने तयार केलेली विद्यार्थिनी होती. ज्या सामान्य गिऱ्हाइकाने जाहिरात वाचून पैसे भरले त्याची मोटार दीडशेच्या अलीकडेच कोठेतरी धापा टाकू लागे. त्याखेरीज पहिला गिअर असा तुसडा की त्याची मनधरणी केल्यावाचून तो जागचा हलू नये; ब्रेक असे की ते लागतील हा विश्वास चालकाने मनात बाळगावा आणि पाय जमिनीस टेकण्याचीही तयारी ठेवावी; रहदारीत दहा मिनिटे अडकले की इंजिनाला ज्वर चढे; आणि आसने बनविणाऱ्याने मानवी पाठीचा कणा चित्रातसुद्धा पाहिला नसावा. पहिल्या वर्षातील मोटारींची पाय ठेवण्याची जागा तर अशी सपाट होती की, उंच माणसाला गुडघे कानाशी घेऊन बसावे लागे. कंपनीने लवकरच ती खोल केली. आज मात्र जाणकार लोक शोधतात ती सपाट तळाचीच मोटार, कारण ती थोडी आहे. आणि जिच्या बॉनेटची कडी बाहेरून किल्ली लावून उघडावी लागते अशी अगदी आरंभीची सापडली तर तिच्यासाठी त्याहून अधिक मोजतात. दोषाने किंमत वाढते ही गोष्ट आयकराच्या कोणत्याही कलमात बसत नाही, हे मी मान्य करतो.

तर १९६१ साली गिऱ्हाइकांनी पैसे भरले ते एका स्वप्नासाठी, आणि त्यांच्या हाती पडली ती त्या स्वप्नाची कच्ची पावती. तिच्यावर पक्की वसुली करून देण्याचा धंदा पुढे इतरांनी काढला. इंग्लंडच्या ईस्ट ससेक्स परगण्यात ईगल नावाचा एक छोटा कारखाना १९८४ पासून हेच एक व्रत घेऊन बसला आहे. तेथे ई-टाइप मोटार शेवटच्या चाकीपर्यंत खोलतात; गंजलेला पत्रा कापून नवा बसवितात; इंजिन मोठे करतात; पाच गिअरांची सौम्य स्वभावाची पेटी घालतात; ब्रेकांना त्यांचे कर्तव्य समजावून देतात; आणि तिला पुन्हा असे शिवतात की, साठ वर्षांपूर्वी जाहिरातीत जे लिहिले होते ते अखेर अक्षरशः खरे व्हावे. त्यांच्या खास मोटारींचा आकडा पाच लाख पौंडांच्या पुढे जातो. म्हणजे मूळ २,१०० पौंड हे केवळ वचन ऐकण्याची फी होती.

ज्या कंपनीने ते वचन दिले होते तिलाही पुढे हे सुचले. २०१७ साली जॅग्वारने स्वतःच्या जुन्या ई-टाइप शोधून आणून, त्या स्वतःच पूर्ववत करून विकण्याची योजना जाहीर केली. आरंभी दहा मोटारी, प्रत्येकी २ लाख ८५ हजार पौंडांपासून पुढे. येथे मराठी वाचकाने किंचित ताठ बसण्यास हरकत नाही. ही कंपनी टाटांनी २००८ साली लँड रोव्हरसह फोर्डकडून २३० कोटी डॉलरला घेतलेली असल्यामुळे, एका इंग्रजाने दुसऱ्या इंग्रजाला दिलेल्या आणि उभयतांनी विसरलेल्या वचनाची फेड करण्याचा मक्ता आता आपल्या फोर्टातील बॉम्बे हाऊसकडे आलेला आहे. कोहिनूर परत येण्याची चिन्हे नाहीत. पण त्या देशातील हौशी धनिक आपण होऊन जो नजराणा पाठवीत आहेत तो थोडा नव्हे.

२०२१ साली, त्या जिनिव्हाच्या धावपळीस साठ वर्षे झाली म्हणून, कंपनीने आणखी एक मासला काढला. सहा जोड्या, म्हणजे बारा ई-टाइप, नव्याने सिद्ध झाल्या. प्रत्येक जोडीत एक करडी बंद आणि एक हिरवी उघडी. करड्या रंगाला त्या रात्रीच्या भरधाव वेगाचे नाव दिले आणि हिरव्याला ‘हातातले काम टाका’ या फर्मानाचे. दोन्ही आसनांच्या मधल्या पट्टीवर कॉव्हेंट्री ते जिनिव्हा हा रस्ता हाताने कोरून काढला. आणि मोटार एकेकटी मिळणार नाही, घ्यावयाची तर जोडीच घ्यावी लागेल, असा दंडक घातला. जोडीने घेण्याच्या वस्तू म्हणून आजवर मला वहाणा आणि बैल एवढ्याच ठाऊक होत्या.

माझा एक भाचा तिकडे कॉव्हेंट्रीच्या आसपास एका मोटार कारखान्यात अभियंता आहे. त्याचा या जीर्णोद्धाराशी कामापुरताही संबंध नाही, परंतु तो त्या गावचा रहिवासी असल्यामुळे मी त्याला अधिकारी पुरुष मानतो. मागे तो सुटीवर आला असता मी त्याला विचारले, “इतका पैसा घेतात तर मोटारीत नवीन घालतात तरी काय रे?”

तो म्हणाला, “मामा, घालायचं ते सगळंच घालतात. घातलेलं दिसू नये याचे पैसे घेतात.”

कॅलिफोर्नियातील सिंगर नामक कंपनीने तर ही न दिसण्याची कला परमोच्च कोटीला नेली आहे. तिचे संस्थापक रॉब डिकिन्सन हे पूर्वी लोटस कंपनीत मोटारींची रूपरेषा आखीत. मग एका वाद्यवृंदात गायक झाले. आणि २००९ साली त्यांनी ही कंपनी काढली तेव्हा तिच्या नावात स्वतःचा जुना पेशा आणि पोर्शचे थोर अभियंते नॉर्बर्ट सिंगर असे दोघेही एकाच दगडात वंदिले. तिची रीत अशी: गिऱ्हाइकाने १९८९ ते १९९४ या काळात बनलेली, आतून ९६४ या क्रमांकाने ओळखली जाणारी, वाऱ्याने थंड होणारे इंजिन पाठीशी बांधलेली पोर्श ९११ मोटार स्वतः आणावयाची; कंपनीने ती अस्थिपंजरापर्यंत उघडी करावयाची; दारे वगळून बहुतेक अंगावर कार्बन तंतूंचे नवे कवच चढवावयाचे; आणि ती १९७० च्या सुमारास जन्मली असावी असे तिला रूप द्यावयाचे. म्हणजे वस्तू १९९० ची, चेहरा १९७० चा, आणि अंगातील सामर्थ्य आजच्या काळालाही भारी पडावे असे. विल्यम्स नावाच्या कंपनीच्या अभियंत्यांच्या साह्याने त्यांनी ७५ मोटारींची जी एक मालिका सिद्ध केली, तिचे चार लिटरचे इंजिन मिनिटाला नऊ हजार फेरे घेते आणि पाचशे अश्वशक्ती देते. मूळ इंजिन अडीचशेच्या घरातले होते. तिची किंमत दहा लाख डॉलरच्या बरीच पलीकडे.

इतके सारे करूनही ही कंपनी मोठ्या नम्रतेने लिहून देते की, आम्ही मोटार बनवीत नाही, गिऱ्हाइकाने आणलेल्या मोटारीची आम्ही केवळ दुरुस्ती करतो, आणि कृपा करून तिला आमच्या नावाने हाक मारू नये. ही नम्रता वकिलांनी शिकविलेली आहे हे उघड आहे. पोर्श हे नाव पोर्शच्या मालकीचे आहे. परंतु सगळे श्रेय दुसऱ्यास देऊन सगळे पैसे स्वतःकडे ठेवण्याची ही वृत्ती ज्या थोड्या ठिकाणी आढळते, त्यांत आपली काही जुनी देवस्थानेही मोडतात.

आता एक सूक्ष्म प्रश्न उपस्थित होतो, आणि तो आजचा नाही. ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात यवनराज मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आहे. नागसेनाने राजास विचारले, आपण पायी आलात की रथातून? राजा म्हणाला, रथातून. मग, भंते विचारतात, रथाची दांडी म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ? चाके, चौकट, जू, लगाम यांपैकी कोण रथ? राजा प्रत्येकास नाही म्हणतो. हे सारे मिळून रथ काय, तर तेही नाही. याहून वेगळे काही रथ आहे काय, तर तेही नाही. तेव्हा महाराज, आपण आलात तो रथ कोठे आहे? या सगळ्यांच्या जुळणीला व्यवहारात दिलेले रथ हे केवळ नाव, असे राजास कबूल करावे लागले, कारण त्याच्या काळी परिवहन खाते नव्हते.

इंग्लंडच्या वाहन-नोंदणी खात्याने हाच प्रश्न कित्येक वर्षे अंकगणिताने सोडविला. जुन्या मोटारीत मोठे फेरफार केले असतील आणि तरी तिचा जुना नोंदणी क्रमांक कायम राखावयाचा असेल, तर तिला गुण मिळवावे लागत. मूळ सांगाडा असेल तर पाच गुण. सस्पेन्शन, आस, गिअरपेटी आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी दोन. आणि इंजिनाला, जे नसेल तर या सगळ्या चर्चेचे प्रयोजनच उरत नाही त्या इंजिनाला, एक. एकूण चौदा, उत्तीर्ण होण्यास आठ पुरेत. नागसेनाचा सबंध अनात्मवाद अशा रीतीने एका अव्वल कारकुनाने एका फळकुटावर आणून बसविला, आणि तेही मिलिंदाहून अधिक राजेशाही थाटात, कारण निकालावर अपील करण्यासाठी नमुनाही छापलेला होता असे समजण्यास काही हरकत नसावी.

हाच तंटा १९९० साली लंडनच्या उच्च न्यायालयापुढेही आला. बेंटलीची ‘ओल्ड नंबर वन’ नावाची मोटार १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षे फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत जिंकलेली. पुढे शर्यतींच्या निमित्ताने तिचे इंजिन बदलले, सांगाडा बदलला, अंग बदलले. एकदा तर तिला टप चढवून दुसऱ्याच घाटाचे केले. एका कंपनीने ती एक कोटी पौंडांस घेण्याचे कबूल केले, आणि नंतर आढेवेढे घेतले की, १९२९ साली जिंकली त्या मोटारीचे या मोटारीत किरकोळ अवशेषांपलीकडे काही नाही, सबब करार लागू नाही. न्यायमूर्ती ऑटन यांनी दोन्ही पक्षांचे तज्ज्ञ शांतपणे ऐकून घेतले आणि ठरविले की, मोटार खरी आहे. तिच्या अस्तित्वात मध्ये कोठे खंड पडलेला नाही, ती सदैव त्याच नावाने ओळखली गेली, आणि ते नाव सांगणारी दुसरी मोटार जगात नाही. खरेदीदाराने करार पाळावा. मला हा निकाल अतिशय पटतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या अंगात विवाहाच्या वेळचे किती शिल्लक आहे याची कसून चौकशी झाली, तर न्यायमूर्तींच्या या मार्गावाचून संसार टिकणे कठीण आहे.

परंतु बाजार न्यायमूर्तींच्याही पुढे गेला आहे. २०२३ साली कॅलिफोर्नियात माँटेरे येथे १९५४ च्या एका फेरारीचा लिलाव झाला. १९६० च्या दशकात ती अपघातात सापडून जळाली, आणि पुढे कित्येक दशके तशीच पडून राहिली. लिलावात जी वस्तू मांडली होती तिचे वर्णन चुरगळून फेकलेला ॲल्युमिनियमचा कागद असे केले तर अतिशयोक्ती होणार नाही. ती १८ लाख ७५ हजार डॉलरला गेली. वेताळपंचविशीत ज्या स्त्रीने घाईघाईत पतीचे शिर भावाच्या धडावर आणि भावाचे पतीच्या धडावर बसविले, तिच्या गोष्टीच्या शेवटी वेताळ विचारतो, हिचा पती कोणता? विक्रमराजा म्हणतो, जेथे पतीचे शिर, तो पती. मोटारीचे शिर म्हणजे तिच्या सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक. तेवढा खरा असला की त्याच्या भोवती बाकीची मोटार घडवून घेता येते; आणि हे शिर विकत घेण्यासाठीच त्या सद्गृहस्थाने तेवढे पैसे मोजले, धड तो पुढे सावकाश बसवून घेईल.

याच्या उलट दुसरा एक संप्रदाय आहे, आणि तो म्हणतो की काहीही बसवू नका, पुसूही नका. पश्चिम फ्रान्समधील एका घराण्याच्या आवारात कित्येक वर्षे विसरून गेलेल्या जुन्या मोटारींचा साठा सापडला, तेव्हा त्यांत एका शेडमध्ये, मासिकांच्या गठ्ठ्यांखाली, फेरारीची एक कॅलिफोर्निया स्पायडर मोटार निघाली. ती एके काळी नट अलेन डेलॉन याच्याकडे होती. २०१५ च्या फेब्रुवारीत पॅरिसच्या लिलावात ती, धुळीसकट, सुमारे १ कोटी ६३ लाख युरोंना गेली. आता एका बाजूला धूळ काढण्याचे लाखो पौंड आणि दुसऱ्या बाजूला धूळ राखण्याचे त्याहून अधिक युरो, हे दोन्ही हिशेब एकाच जगात बरोबर ठरत असतील, तर आमच्या घरात गेली तीस वर्षे माळ्यावर चाललेल्या संग्रहाकडे मी नव्या आदराने पाहावे हे उचितच होय.

जीर्णोद्धाराची पुढची पायरी म्हणजे जी कधी झालीच नाही तिचा उद्धार. १२ फेब्रुवारी १९५७ रोजी जॅग्वारच्या ब्राउन्स लेन येथील कारखान्यास आग लागली, आणि एक्सकेएसएस नावाच्या मोटारींची पंचविसांची योजना होती तीतील नऊ भस्मसात झाल्या. सोळाच काय त्या बाहेर पडल्या. २०१६ साली कंपनीने ठरविले की, ती हानी भरून काढावी. आणि एकुणसाठ वर्षांनी त्या नऊ मोटारी दहा लाख पौंडांहून अधिक किमतीत पुन्हा घडविण्याचे जाहीर झाले. तसेच १९६३ साली हलक्या वजनाच्या अठरा ई-टाइपांसाठी क्रमांक मुक्रर करून बाराच केल्या होत्या. उरलेले सहा क्रमांक अर्धे शतक वहीत वाट पाहत बसले, आणि २०१४ पासून त्यांनाही देह मिळाला. अर्धवट राहिलेल्या कामाबद्दल अशी टोचणी लागलेली सरकारी वा खाजगी कचेरी माझ्या पाहण्यात दुसरी नाही. आमच्याकडे मंजूर होऊन राहून गेलेले रस्ते याच भावनेने पुढेमागे हाती घेतले जातील, अशी आशा बाळगावयास जागा आहे.

एवढे सगळे हसून झाल्यावर, ही किंमत सार्थ आहे काय या प्रश्नास मला जे उत्तर द्यावेसे वाटते ते ऐकून माझे आयकरवाले स्नेही खिन्न होतात. मी म्हणतो, होय, बहुतेक सार्थ आहे. त्या किमतीत लोखंड फारसे नसते, मजुरी असते. एका मोटारीवर कित्येक हजार तास जातात, आणि ते तास अशा माणसांचे असतात की, जी सपाट पत्रा दोन चाकांमध्ये पुढेमागे फिरवून त्यातून सेयरच्या गणिताचा बाक काढतात, आणि बाक जमला की नाही हे डोळ्यांनी न पाहता तळहाताने ठरवितात. आमच्या लहानपणी दारावर कल्हईवाला येई आणि नवसागराच्या धुरात काळवंडलेले पातेले चंद्रासारखे करून देई. तो गेला तो त्याची मजुरी देण्यास कोणी तयार नव्हते म्हणून. कॉव्हेंट्रीजवळ राइटन येथे जॅग्वारने २०१७ साली जुन्या मोटारींसाठी जी स्वतंत्र कर्मशाळा उघडली, तेथे असे कारागीर अजून पगारावर आहेत याचे कारण एवढेच की, काही श्रीमंतांना आपल्या तारुण्यातील भिंतीवरचे चित्र घरात आणून उभे करावयाचे आहे. श्रीमंतांच्या लहरीवर याहून निरुपयोगी धंदे पोसले गेले आहेत, आणि त्यांतील काहींना तर सरकारी अनुदानही मिळते.

माझी तक्रार पुढच्या भागाबद्दल आहे. ब्रेक लागतात, इंजिन तापत नाही, गिअर विनयशील आहे, आसनावर कणा सुखरूप राहतो. साठ वर्षे थकलेले वचन पै-पैसह पुरे झाले. आणि मग तो गृहस्थ ती मोटार समशीतोष्ण हवेच्या दालनात, मऊ खोळीखाली, बॅटरी चार्जरला जोडून ठेवून देतो, कारण रस्त्यावर खडे आहेत. ज्या दोषांमुळे मोटार बाहेर काढता येत नव्हती ते दूर करण्यासाठी कोटी रुपये खर्चावयाचे, आणि ते कोटी रुपये खर्च झाले म्हणून मोटार बाहेर काढावयाची नाही, हे तर्कशास्त्र मला अद्याप साधलेले नाही. माझ्या मते, जिच्या बॉनेटवर दगडांचे चार टिपके पडले आहेत आणि जिच्या पायघड्यांवर चिखल आहे तेवढीच मोटार तिच्या किमतीस पात्र ठरली. बाकीच्या अजून ठरावयाच्या आहेत.

काहींना तर ती संधीच नाही. ‘गोल्डफिंगर’ या १९६४ च्या चित्रपटात जेम्स बाँडजवळ जी ॲस्टन मार्टिन डीबी५ होती, तशा पंचवीस मोटारी त्या कंपनीने अलीकडे नव्याने करून विकल्या. किंमत, कर वेगळे, २७ लाख ५० हजार पौंड. म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे पंचवीस कोटी रुपये. त्यांत फिरणारी नंबरपाटी आहे, पुढच्या दिव्यांजवळून बाहेर येणाऱ्या लुटुपुटुच्या मशीनगनी आहेत, मागे धूर सोडण्याची सोय आहे. नाही ती एकच गोष्ट: रस्त्यावर चालविण्याची परवानगी. फिरणारी नंबरपाटी ज्या मोटारीस आहे तिला मुळात एकही नंबर मिळू नये, यात कायद्याची विनोदबुद्धी दिसून येते.

आपल्याकडेही हौशी मालक आहेत, आणि त्यांच्यासाठी केंद्र सरकारने २०२१ साली नियम केले आहेत. पन्नास वर्षांहून जुनी मोटार, मूळ स्वरूपात राखलेली, सांगाड्यात, अंगात वा इंजिनात भारी फेरफार न केलेली असेल, तर तिला ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र पाटी मिळते. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये. म्हणजे ईगलच्या हातून गेलेली मोटार या दफ्तरी वडीलधारी म्हणून दाखल होणे कठीणच. तिने इतका खर्च करून जे तारुण्य मिळविले तेच तिच्या आड येणार. आणि दाखल झालीच, तरी रोजच्या जाण्यायेण्यास ती वापरावयाची नाही. प्रदर्शनास, संशोधनास, जुन्या मोटारींच्या फेरीस न्यावी, आणि दुरुस्तीसाठी व पेट्रोल भरण्यासाठी बाहेर काढावी, एवढी मुभा आहे. यावर पुण्यातील माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनी, ज्यांच्याकडे अशी एक मोटार आहे आणि ज्यांना ती पावसाळ्यात घाटातून चालविल्यावाचून करमत नाही, पूर्ण विचारान्ती असे मत बनविले आहे की, शुद्ध पेट्रोल खंडाळ्याच्या अलीकडे कोठेही मिळत नाही.